अंतर ३८३ किलोमीटर, मग विमानाला एक तास वीस मिनिटं का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन छोटे विमानतळ आहेत. अंतर सांगणारं एक संकेतस्थळ त्यांच्यामध्ये ३८३ किलोमीटर आणि २७ मिनिटांचं उड्डाण दाखवतं. दुसरं संकेतस्थळ अंतर तेच सांगतं, पण वेळ ५७ मिनिटं. तिकिटावर १ तास २० मिनिटं छापलेली आहेत आणि रस्त्याच्या नकाशात अंतर ५२० किलोमीटर आहे. यातलं खरं काय मानायचं?

२७ मिनिटांचा आकडा सोडला तर बाकी सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, हवामान, गरज पडलीच तर दुसरीकडे कुठे उतरायचं, हे सगळं ठरवून वैमानिकाच्या हातात देणं हे आमचं काम. छोट्या विमानतळांमधली टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांच्या इंजिनांच्या विमानांची, उड्डाणं रोजच हाताखालून जातात, त्यामुळे हा गोंधळ ओळखीचा आहे. अंतराचा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो.

संकेतस्थळावरचं ३८३ किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेलं दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर. बिंदू म्हणजे प्रत्येक विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू. तो टर्मिनलच्या दारात नसतो, सहसा धावपट्ट्यांच्या भूमितीच्या मध्याजवळ धरलेला असतो. हे अंतर तुम्ही कागदावरही काढू शकता. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जवळपास एक सागरी मैल असते आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. समजा एक विमानतळ २० अंश उत्तरेला आहे, दुसरा २२ अंश उत्तरेला, आणि रेखांशात ३ अंशांचा फरक आहे. उत्तर-दक्षिण अंतर झालं १२० सागरी मैल. पूर्व-पश्चिम ३ अंशांचे १८० मैल धरायचे, पण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून त्यांना मधल्या अक्षांशाच्या, इथे २१ अंशांच्या, कोसाइनने म्हणजे ०.९३४ ने गुणायचं. आले १६८. आता शाळेतला पायथागोरस लावला की उत्तर २०७ सागरी मैलांच्या जवळ येतं, म्हणजेच ३८३ किलोमीटर. एवढ्या अंतराला ही पद्धत पुरते. अंतर हजारो किलोमीटरचं असेल तर हॅवरसाइनचं, म्हणजे गोलावरचं अंतर काढण्याचं, सूत्र घ्यावं लागतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७, त्यामुळे गोल धरून केलेल्या हिशेबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात तो दोन किलोमीटरच्या आत राहतो. दोन संकेतस्थळांच्या अंतरात एक-दोन किलोमीटरचा फरक दिसला तर कारण बहुधा हेच असतं.

फरक तीस किलोमीटरचा दिसला तर मात्र कुणीतरी अंश-कलांचा घोळ घातला आहे असं समजा. १७ अंश ४० कला म्हणजे १७.४० नव्हे, १७.६७. हा घोळ आजही सर्रास दिसतो आणि एवढ्यानेच विमानतळ सोळा सागरी मैल सरकतो. दुसरी गफलत नावाची. एकाच नावाची दोन शहरं जगात भरपूर आहेत. २००२ मध्ये दोन ब्रिटिश तरुण ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला म्हणून निघाले आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीला पोहोचले. अंतर शोधताना शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा, तो एकाच विमानतळाचा असतो.

रस्त्याच्या ५२० किलोमीटरचा इथे काही संबंध नाही. रस्ता घाट, नद्या, गावं बघून वळतो, म्हणून तो सरळ अंतराच्या सव्वा ते दीड पट निघतो. एक प्रश्न हमखास येतो, की विमान उंचावरून जातं म्हणून अंतर वाढत असेल ना? वाढतं, पण १८,००० फुटांवर ३८३ किलोमीटरमागे साधारण तीनशे मीटर. विसरून जा.

आता विमान खरोखर किती अंतर कापतं ते पाहू. ते या सरळ रेषेवरून जवळपास कधीच जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला आहे त्या दिशेला उडतं, ठरलेल्या निर्गमन मार्गाने हवाई मार्गाला लागतं, वाटेत लष्कराचं निषिद्ध क्षेत्र असेल तर त्याला वळसा घालतं आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी फिरतं. लहान उड्डाणात यामुळे पाच-सात टक्के वाढ सहज होते. आपले २०७ सागरी मैल प्रत्यक्षात २२० च्या आसपास जातात. वळसा राजकीय कारणानेही पडतो आणि तो किती मोठा असू शकतो याचं टोकाचं उदाहरण हेलसिंकी-टोकियो मार्गाचं आहे. २०२२ पासून रशियाचं आकाश बंद झालं आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र या दोन शहरांमधलं अंतर कालही तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे.

वेळेचा भाग खरा गुंतागुंतीचा. २७ मिनिटं कशी आली ते उघड आहे: ३८३ ला ताशी ८५० किलोमीटरने भागलं. दुसऱ्या संकेतस्थळाने त्यात चढण्या-उतरण्याचे म्हणून सरसकट ३० मिनिटं मिळवली आणि ५७ केली. ही दुसरी पद्धत निदान दिशेने तरी बरोबर आहे. पहिलीत दोन चुका आहेत. एक, असं विमान या मार्गावर उडतच नाही. दोन, उडालं तरी तो वेग त्याला जेमतेम काही मिनिटं मिळेल.

छोट्या विमानतळांमध्ये बहुतेक ठिकाणी एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप विमान असतं. त्याचा वरच्या उंचीवरचा वेग साधारण २७० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. आपल्या मार्गावर त्याचा हिशेब मी असा मांडेन. १८,००० फुटांपर्यंत चढायला सतरा-एक मिनिटं. चढताना वेग कमी असतो, सरासरी १९५ नॉट धरा, म्हणजे एवढ्या वेळात ५५ सागरी मैल गेले. उतरायला कधी सुरुवात करायची याचा वैमानिकांचा जुना आडाखा आहे: जितके हजार फूट खाली यायचं त्याची तिप्पट सागरी मैल आधी. अठरा त्रिक चोपन्न. त्या ५४ मैलांना चौदा मिनिटं. २२० मधून हे दोन्ही वजा केले की उरले १११ मैल. २७० नॉटने त्यांना पंचवीस मिनिटं. शेवटी फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि चाकं खाली करून, वेग उतरवत धावपट्टीच्या रेषेत येण्याची पाच मिनिटं वेगळी धरायची. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत झाली ६१ मिनिटं.

यात पूर्ण वेगाने कापलेला भाग बघा, पंचवीस मिनिटांचा. बाकी छत्तीस मिनिटं चढणं, उतरणं आणि जमवाजमव. मार्ग शंभर किलोमीटरने वाढला तर फक्त बारा मिनिटं वाढतील, आणि शंभरने कमी झाला तर बाराच कमी होतील. छोट्या पल्ल्यात वेळ अंतरापेक्षा या ठराविक खर्चातच जास्त जातो. टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचं जगातलं सर्वांत लहान नियमित उड्डाण. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं आहेत. सरासरी काढली तर ताशी ८१ किलोमीटर, मोटारीचा वेग! त्या छोट्या विमानाचा खरा वेग त्याच्या अडीच-तीनपट आहे, तो गाठायला जागाच नाही.

याच कारणाने 'जेट घातलं तर निम्म्या वेळात पोहोचू' हा हिशेबही फसतो. जेटचा वेग ४४० नॉट धरला तर तो टर्बोप्रॉपच्या दीडपटीहून जास्त आहे. पण एवढ्याशा मार्गावर जेट आपल्या नेहमीच्या उंचीवर जातच नाही. २५,००० फुटांच्या आसपास थांबतं आणि दहाएक मिनिटांत उतरायला लागतं. शिवाय १०,००० फुटांच्या खाली बहुतेक देशांत २५० नॉटची वेगमर्यादा असते, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा त्याला हळूच कापावा लागतो. हवेतला वेळ वाचतो पंधरा ते वीस मिनिटं, आणि त्यासाठी जळणारं इंधन बरंच जास्त. विमान कंपन्या अशा मार्गांवर टर्बोप्रॉप का ठेवतात ते यातच आलं. पंखे दिसले की प्रवासी 'जुनं विमान' म्हणून नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.

६१ मिनिटांवरून तिकिटावरच्या ८० पर्यंत कसं जायचं? तिकिटावर छापतात तो ब्लॉक टाइम. चाकांखालचे चॉक, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, काढून विमान जागेवरून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर पुन्हा चॉक लागेपर्यंतचा हा वेळ. निघताना आठ आणि पोहोचल्यावर चार मिनिटं जमिनीवर धरली तर झाली ७३. छोट्या विमानतळावर गर्दी नसते, मग आठ मिनिटं कशाला, असं वाटेल. अशा अनेक ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्ग नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जावं लागतं आणि तिथे पूर्ण वळून उड्डाण घ्यावं लागतं, याला आम्ही बॅकट्रॅक म्हणतो. तेवढ्यात कुणी उतरायला आलं असेल तर तुम्ही थांबता, नाहीतर ते आकाशात घिरट्या घालतं.

छोट्या विमानतळांची दुसरी अडचण प्रवाशाला दिसत नाही. काही ठिकाणी रडार नसतं. मग नियंत्रक वैमानिकांनी सांगितलेल्या स्थानावर विसंबून विमानांमध्ये वेळेचं किंवा उंचीचं अंतर ठेवतो आणि एकाला उतरवल्याशिवाय दुसऱ्याला आत घेत नाही. उतरण्याची पद्धतही लांब असू शकते: आधी विमानतळावरच्या रेडिओ केंद्राच्या माथ्यावर यायचं, तिथून ठरलेल्या दिशेला बाहेर जायचं, वळायचं आणि मग धावपट्टीकडे यायचं. यात आठ-दहा मिनिटं सहज जातात. आकाश स्वच्छ असेल आणि धावपट्टी लांबून दिसत असेल तर नियंत्रक थेट यायची परवानगी देतो आणि ती सगळी मिनिटं वाचतात. त्यामुळे एकच विमान एका दिवशी दहा मिनिटं लवकर पोहोचतं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर निघूनही उशिरा.

मग वारा. विमानाचा वेग हा हवेतला वेग, आणि हवा स्वतः वाहत असते. ४० नॉटचा वारा समोरून असेल तर आपल्या २७० चे जमिनीच्या हिशेबाने २३० राहतात, पाठीमागून असेल तर ३१० होतात. मधल्या १११ मैलांना एका दिशेला २९ मिनिटं, दुसऱ्या दिशेला साडेएकवीस. जाताना आणि येताना वेगळी वेळ दिसते ती बहुधा यामुळे. काहींना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. तसं नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. मोठ्या पल्ल्यावर हा फरक केवढा होतो ते अटलांटिकवर दिसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, इतकी जोरात होती की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्या दिशेला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

वाऱ्याबद्दल एक गंमत बऱ्याच जणांना पटत नाही. जाताना गमावलेली मिनिटं येताना पूर्ण परत मिळत नाहीत. २७० सागरी मैलांचा मार्ग आणि २७० नॉटचं विमान घ्या. वारा नसताना जाऊन-येऊन १२० मिनिटं. आता ९० नॉटचा वारा आणा. जाताना १८० नॉट, ९० मिनिटं. येताना ३६० नॉट, ४५ मिनिटं. बेरीज १३५. विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं आणि मागच्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून हा तोटा. अगदी आडवा वारासुद्धा थोडा वेग खातो, कारण मार्गावर टिकण्यासाठी विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं जावं लागतं. ६० नॉटच्या आडव्या वाऱ्यात २७० चे २६३ राहतात.

जमिनीजवळचा वारा तर आणखी वेगळ्या वाटेने वेळ बदलतो. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि उतरतं. वारा फिरला की वापरातली धावपट्टीची दिशा फिरते. तुमचा मार्ग पूर्वेला असेल आणि उड्डाण पश्चिमेला तोंड करून घ्यावं लागलं तर आधी उलटं जाऊन वळावं लागतं. दोन्ही टोकांना असंच झालं तर सात-आठ मिनिटं गेली.

आता ७३ ची ८० कुणी केली? कंपनीच्या वेळापत्रक विभागाने. ते गेल्या हंगामातल्या त्या मार्गावरच्या प्रत्यक्ष वेळा काढतात आणि बहुतेक उड्डाणं ज्या वेळेच्या आत बसतील तो आकडा धरतात, मग जवळच्या पाच मिनिटांवर नेतात. १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान 'वेळेवर' मोजायची या धंद्यातली रीत आहे, त्यामुळे थोडी जास्त वेळ छापणं कंपनीच्या सोयीचं असतं. याला लबाडी म्हणणारे आहेत. माझं मत तसं नाही. हेच विमान दिवसभरात सहा-सात फेऱ्या करतं, सकाळचा दहा मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत तासाचा होतो आणि शेवटच्या विमानतळावर रात्रीच्या उतरण्याची सोय नसेल तर ती फेरीच रद्द होते. गादी थोडी जाड ठेवलेली बरी. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि वाऱ्याचा हंगाम बघून त्याच मार्गाची छापील वेळही पाच-दहा मिनिटांनी बदललेली दिसेल.

तुम्हाला स्वतः अंदाज करायचा असेल तर माझा आडाखा घ्या. टर्बोप्रॉपसाठी सरळ अंतराच्या किलोमीटरना ८ ने भागा आणि ३० मिळवा. ३८३ चे ४८ अधिक ३०, म्हणजे ७८ मिनिटं. जेटसाठी १३ ने भागा आणि ४० मिळवा. हा छापील वेळेचा अंदाज आहे, हवेतल्या वेळेचा नाही, आणि तो दीड हजार किलोमीटरपर्यंत चालतो. त्यापुढे वारा इतका बोलतो की दिशा न विचारता आकडा देण्यात अर्थ नाही. इंधन मात्र कुणी अशा आडाख्यावर भरत नाही. तिथे त्या दिवशीचा मार्ग आणि वारा, शिवाय दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन, असा पुरा हिशेब होतो.

एक गोष्ट आधीच तपासा: त्या दोन विमानतळांमध्ये थेट उड्डाण आहे का? संकेतस्थळ कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर आणि वेळ सांगतं, उड्डाण असो वा नसो. छोट्या विमानतळांमध्ये बहुधा ते नसतं, मोठ्या शहरातून विमान बदलावं लागतं. तेव्हा ३८३ किलोमीटरच्या प्रवासाला दोन उड्डाणांचे हजार किलोमीटर आणि मधली थांबण्याची वेळ धरून चार-पाच तास सहज होतात. अशा वेळी रस्त्याचे ५२० किलोमीटर बरे पडतात, हे मी विमानवाला असूनही सांगतो.

मार्ग कालविभाग ओलांडत असेल तर तिकिटावरच्या दोन वेळा वजा करू नका, त्या आपापल्या गावच्या असतात. फिनलंडमधल्या तुर्कूहून निघालेलं विमान तासाच्या आत स्टॉकहोमला पोहोचतं, पण तिथलं घड्याळ एक तास मागे असल्याने निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ जवळपास सारखीच दिसते. कालावधी वेगळा छापलेला असेल तर तोच पाहा.

आणि नेमकं तुमच्याच उड्डाणाचं सांगायचं तर विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर त्या उड्डाण क्रमांकाच्या गेल्या आठ-दहा दिवसांच्या वेळा पाहा. तिथे सुटण्याची आणि टेकण्याची वेळ दिसते, म्हणून ती तिकिटापेक्षा कमी वाटेल. टर्बोप्रॉपसाठी जमिनीवरची दहा-बारा मिनिटं त्यात मिळवा. छोट्या विमानतळाजवळ विमान दोन-तीन हजार फुटांच्या खाली आलं की जवळ ग्रहण केंद्र नसल्यामुळे त्याचा माग अनेकदा तुटतो आणि उतरण्याची वेळ संकेतस्थळ अंदाजाने भरतं. नकाशावरची रेषा धावपट्टीच्या अलीकडेच संपलेली दिसली तर त्या दिवसाचा आकडा धरू नका.